खुर्चीची वरात

मला राग लवकर येतो. टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरात सगळेच तापट, त्यामुळे लहानपणी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. नर्सिंग शिकायला गेले तेव्हा मेट्रन म्हणायची, 'हात सोन्याचा आहे, पण तोंड आवर.' हात आणखी सुधारला, तोंड तसंच राहिलं. पुढे त्या तोंडाला पुरून उरणारी एक बाई भेटली, आणि माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची वर्षं तिच्याशी भांडण्यात गेली.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. लग्न होऊन मी कल्याणला आलेली, आणि तिथल्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. सकाळी ड्रेसिंगं, इंजेक्शनं, रडणारी पोरं. दुपारी आसपासच्या गावांची फेरी. शहाडच्या बाजूला उल्हास नदीच्या काठी एक आगरी वस्ती माझ्या वाट्याला होती. टांगेवाला पुढचा चिखल बघून अर्ध्या वाटेतच घोडा वळवायचा, मग पुढे बांधाबांधाने चालत जायचं. वस्तीत भातशेती, थोडी मासेमारी. जुनी माणसं तरुणपणी खाडीकडच्या मिठागरांत राबलेली. आजोबा मंडळी पायांवरचे मिठाचे जुने व्रण दाखवत बसायची आणि मी मलम लावत बसायची. चहा मात्र प्रत्येक घरी घ्यावा लागे, नाहीतर रुसवा.

त्या वस्तीला पाण्याची भीती नव्हती, आणि हेच माझं दुखणं होतं. वर घाटाकडे पाऊस कोसळत राहिला आणि त्यातच उधाणाची भरती आली, की खाडी नदीचं पाणी घेईनाशी होते. मग नदी फुगून मागे फिरते ती सरळ घरांत. धडधाकट माणसं गुरं सोडायची, पोरं काखोटीला मारायची आणि शाळेच्या टेकाडावर जायची. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांना घरातल्याच माळ्यावर चढवून ठेवायची. पाणी उतरलं की खाली घ्यायची. आंधळे आजोबा, ओली बाळंतीण, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, सगळी माळ्यावर, भाताच्या कणगीशेजारी.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाणी नुकतंच उतरलं होतं. नदीला लागून असलेल्या शेवटच्या घरात गेले. भिंतीवर ओलीची रेघ होती, माळ्याच्या तुळईच्या जेमतेम वीतभर खाली. वर एक म्हातारी पाय लांब करून विड्याची पानं पुसत बसली होती. खाली सून शेणाचा गोळा घेऊन जमीन सारवत होती.

"आजी, आणखी वीतभर पाणी चढलं असतं तर काय केलं असतंत?" मी विचारलं.

"चढला नाय ना," ती म्हणाली. "मंग? पान खातंस?"

माझं डोकंच फिरलं. मी तिला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि सुनेला म्हणाली, "बाय दमली. तिला पानी दे."

ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीने धवले म्हटल्याशिवाय हळद लागत नाही आणि पोरगी मांडवात येत नाही. ही लग्नाची गाणी बायकांचीच, त्यांच्याच गळ्यात राहणारी. आसपासच्या गावांतली निम्मी जोडपी या म्हातारीच्या आवाजावर संसाराला लागली होती. आता गुडघे गेले होते, अंगणापलीकडे पाऊल पडत नव्हतं, पण आवाज अजून खणखणीत. मुलगा वारलेला. घरात ती आणि सून. सून सासूला सोडून टेकाडावर जायला तयार नसायची, म्हणजे पाणी चढलं असतं तर एक नव्हे, दोघी गेल्या असत्या. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. या म्हातारीला पुढच्या पुराआधी खाली उतरवून टेकाडावर कशी न्यायची, एवढंच डोक्यात.

डॉक्टरांकडे विषय काढला. ते म्हणाले, "नर्सबाई, पूर येईल तेव्हा बघू."

"पूर येतो तेव्हा तुम्ही बघायला असता कुठे?" मी म्हटलं. डॉक्टर भला माणूस. हसले आणि म्हणाले, करा तुम्हाला काय करायचं ते.

माझं म्हणणं साधं होतं. पाणी यायच्या आधीच, कोणाला कोण उचलणार हे ठरलेलं हवं. आंधळ्या आजोबांना शेजारच्या गड्याने धरायचं. बाळंतीण असली तर भावकीतल्या दोन बायांनी तिला मधे घ्यायचं, तिसरीने पोर घ्यायचं. ज्याने त्याने आपलं माणूस ओळखायचं, आणि पाणी अंगणात आलं की गुरांच्या आधी त्याच्याकडे धावायचं. शाळेत पत्र्याच्या एका पेटीत फडकी, टिंक्चर, तुरटी आणि विहिरीत टाकायचं लाल औषध ठेवायचं. कोपऱ्यात सुकी लाकडं. गुरुजींना हे सगळं फार आवडलं. त्यांना त्यावर एक व्याख्यान द्यायचं होतं. मी म्हटलं, गुरुजी, मला व्याख्यान नको, खांदे हवेत. तरी त्यांनी दिलंच.

खांदे मिळाले. वस्तीतले चार तरुण गडी, नांगर धरून दंड असे झालेले, तयार झाले. लग्नसराई संपून पावसाला अवकाश होता, तेव्हा एका रविवारी सगळ्यांना म्हातारीच्या अंगणात बोलावलं. मी शिकलेली होते त्याप्रमाणे दोन लांब बांबू घेतले, मधे आडव्या काठ्या बांधल्या, त्यावर गोणपाट ताणून शिवलं. झकास झालं होतं. मी ते अभिमानाने अंगणात ठेवलं आणि म्हटलं, चला, कोण आडवं होतंय?

बायांनी पोरं मागे ओढली. एका आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. मला कळेना काय झालं. मला वाटलं, लाजतात. मग काय, 'हे बघा, यात घाबरण्यासारखं काही नाही' असं म्हणून मीच त्यावर पदर आवरून सरळ उताणी झोपले आणि चौघांना हुकूम सोडला, "उचला."

एकही जण पुढे आला नाही. ओट्यावरून म्हातारी कडाडली.

"ऊठ गो बाय, ऊठ. सवाष्ण तू, आनि तिरडीवर आडवी पडतंस?"

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. दोन बांबू, आडव्या काठ्या, चार खांदे. टेंभी नाक्यावरून जाताना आयुष्यभर मी ती बघितलेली. दवाखान्यात रोज स्ट्रेचर वापरून वापरून डोळ्यांना ते वेगळंच काहीतरी दिसायला लागलं होतं. मी अशी झटकन उठले की पदर काठीत अडकून फाटला. मग एक बाई हसली, तिला बघून दुसरी, आणि सगळं अंगण हसायला लागलं. मला राग आला होता, पण हसूही आवरत नव्हतं. म्हातारीने सुनेकरवी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, तेव्हाच मला चहा मिळाला.

पुढचा तासभर आम्ही दोघी भांडलो. मी म्हणत होते, मग पाण्यात बुडणार का? ती म्हणत होती, बुडेन, पण जितेपणी तिरडीवर जानार नाय. पाठुंगळीला घेऊ म्हटलं तर गुडघे तेवढे वाकत नव्हते. शेवटी तिच्याच तोंडून निघालं, "नेवाचा तर मना बसवून न्या. मेलेला मानूस बसत नाय."

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "नाही."

शाळेत हातांची अशी एकच खुर्ची होती, आणि ती गुरुजींची. शिसवी, जाड पायांची, त्यांच्या वडिलांकडून आलेली. तिच्यावर बसून ते दुपारी जरा डोळा लावायचे, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. गुरुजींनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण मी मागे लागले की सोडत नाही. खुर्ची आली, बांबूंना काथ्याने घट्ट बांधली, चौघांनी म्हातारीला अलगद उचलून तिच्यात बसवलं. खांद्यावर घेतलं तेव्हा ती सगळ्यांच्या डोक्यांच्या वर गेली आणि तिने एकदा आपली वस्ती डोळे भरून बघितली. किती दिवसांनी बघत होती कोण जाणे.

चौघे निघणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. मुक्यानं नाय न्यायचा. मुक्यानं मयत नेतान." आणि तिने धवले सुरू केले. मागून बायांनी आपोआप आवाज धरला. अंगणातून वाट निघते ती उंबराखाली दोन फुटते. डावीकडची शाळेच्या टेकाडावर जाते, उजवीकडची नदीकाठच्या मसणवटीत. चौघे डावीकडे वळले, मागे गाणाऱ्या बाया, त्यामागे पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी, काथ्या नीट बसलाय का ते बघत, घामाघूम झालेली मी.

झालं. त्या दिवसापासून तो दर वर्षीचा सणच ठरला. मला हवी होती शिस्त. किती वेळात सगळे वर पोचतात ते मला घड्याळ लावून बघायचं होतं. ह्यांनी खुर्चीला हळद-कुंकू लावायला सुरुवात केली, मग झेंडूची माळ आली, मग तांदळाची बोरं तळली जाऊ लागली. ज्यांना कुणाला उचलायची गरज नाही असे म्हातारेही 'मना पन न्या' म्हणून हट्ट धरायचे. पेटीजवळची सुकी लाकडं दर वर्षी त्या जेवणाला संपायची आणि मी दर वर्षी तोंड सोडायची. दवाखान्यात डॉक्टर विचारायचे, "काय नर्सबाई, यंदा खुर्चीची वरात कधी?" मी चिडायची. पण खरं सांगते, वर्षभर मी त्या रविवारची वाट बघायची. आंधळे आजोबा आपल्या गड्याच्या खांद्यावर हात टाकून भराभर वर चढायचे. पोटुशी असलेली पोर आपणहून येऊन विचारायची, बाई, माज्या वाटच्या बाया कोनत्या? हे बघून मला जे समाधान व्हायचं ते पगाराच्या दिवशीही झालं नाही.

आणि मग एका वर्षी उन्हाळ्यातच म्हातारीला ताप धरला. मोठा ताप. मी रोज जायची. ताप गेला, पण जाताना आवाज घेऊन गेला. घशातून नुसती हवा यायची. डॉक्टरांना टांग्यातून आणून दाखवलं. ते म्हणाले, आता यात फार सुधारणा होईलसं वाटत नाही.

रविवार आला. झेंडूची माळ घातलेली खुर्ची अंगणात आली. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला तेव्हा कळलं, काय म्हणते ते. गळा नाय, तं खुर्ची नाय. मुक्याने मी जानार नाय.

"बाया म्हणतील ना गाणं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. बाया मागून गातात, पुढचा आवाज धवलारणीचाच लागतो. तिच्या हयातीत तो दुसऱ्या कुणी लावायचा नाही, आणि कुणी लावलाही नसता. मी रागावले, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा रागावले. ती ढिम्म. सून मला वेशीपर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "बाई, तुमी नका जीवाला लावून घेव. मी हाय ना तिच्याजवल." म्हणजे पुन्हा दोघी माळ्यावर. घरी येऊन मी भांडी आपटली. नवऱ्याने बिचाऱ्याने काही न विचारता चहा केला.

पूर आला तो त्याच पावसाळ्यात, श्रावणात. घाटाकडे सारखा पाऊस कोसळत होता आणि त्या दुपारी उधाण होतं. मी दवाखान्यात होते. नदीकडून आलेल्या एका गाडीवानाने सांगितलं, शहाडकडचे बांध दिसत नाहीत. डॉक्टरांना म्हटलं, मी चालले. ते म्हणाले, रस्ता पाण्यात आहे. मी म्हटलं, रूळ तर पाण्यात नाहीत.

रेल्वेच्या भरावावरून, छत्री मोडली ती तिथेच टाकून, मी शहाडपर्यंत गेले आणि वरच्या अंगाने टेकाडावर उतरले. शाळेत माणसं भरली होती. आंधळे आजोबा कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेले, त्यांचा गडी शेजारी. एक बाळंतीण, पोर कोरडं ठणठणीत, तिन्ही बाया तिच्याभोवती. सुकी लाकडं होती, या वर्षी कुणी संपवली नव्हती. गुरुजी चुलीपाशी पेज ढवळत होते. सगळं जसं ठरलं होतं तसं. मी एकेक चेहरा बघत गेले आणि ज्यांना शोधत होते त्या दोघी तिथे नव्हत्या.

"धवलारीण?" मी गुरुजींना विचारलं.

"चौघं गेलेत खुर्ची घेऊन," गुरुजी म्हणाले. "मघाच गेले. अजून आले नाहीत."

मी टेकाडाच्या कडेला जाऊन उभी राहिले. खाली सगळं मातकट पाणी. शेवटचं घर अर्ध्या भिंतीपर्यंत पाण्यात होतं. मला ठाऊक होतं, खुर्ची नेली तरी ती बसणार नाही. जोराने उचलून बसवलं तर हातपाय झाडेल, आणि पाण्यात चौघांचा तोल जाईल. मी तिथे उभी राहून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि देवालाही सोडलं नाही.

मग पावसाच्या आवाजातून काहीतरी ऐकू आलं. आधी कळेना काय आहे ते. कुणी बोंब मारतंय की गुरं ओरडतायत. मग उंबराच्या वळणावरून ते दिसले. कमरेएवढ्या पाण्यात चौघे गडी, खांद्यावर बांबू, बांबूंवर खुर्ची, खुर्चीत डोक्यावर इरलं घेतलेली म्हातारी. मागे खुर्चीचा पाय धरून सून. आणि चौघे गडी गात होते. धवले गात होते. मिशावाली माणसं, बायकांची लग्नाची गाणी, बेंबीच्या देठापासून, चौघांचे चार सूर. दर वर्षी खुर्ची वाहून वाहून त्यांना ती पाठ झाली होती, पण धड नाही. हळद लागायच्या आधीच त्यांनी नवरी सासरी पाठवली, मग मांडव घातला, मग पुन्हा हळदीवर आले. एवढी मोठी चूक कुठल्या धवलारणीला सहन होईल? आवाज नसलेली ती म्हातारी खुर्चीत पुढे वाकून, पुढच्या गड्याच्या डोक्यावर टपला मारून मारून, हाताने खुणा करत त्यांना ओळी दुरुस्त करून देत होती.

माझा जीव भांड्यात पडला. मी खाली पाण्यात धावले आणि काय करावं ते न सुचून खुर्चीचा दुसरा पाय धरला. वर आल्यावर तिला उतरवलं, तर तिने मला जवळ ओढून कानात सांगितलं, "हे रेडे. ऐकवना म्हनून बसली मी. शिकवा कोनतरी त्यांना." पुढच्या गड्याने लाजत मला सांगितलं, की ती बसेना तेव्हा त्याने एकट्यानेच सुरुवात केली. तिने कान झाकून घेतले. मग चौघांनी मिळून तेच कडवं पुन्हा पुन्हा चुकीचं म्हटलं, तेव्हा वैतागून तिने माळ्यावरून खाली उतरवायला हात पुढे केले.

त्यानंतरही काही वर्षं वरात निघाली. गाणारे तेच चौघे, मागे हसून हसून बेजार झालेल्या बाया. म्हातारी वर बसून टपला मारायची. मी तिचे गुडघे शेकायची, ती मला पान करून द्यायची, आणि आम्ही भांडायचो.

ती गेली ती थंडीत, सकाळच्या वेळी, अंथरुणातच, ओठ पानाने रंगलेले. निरोप आला तशी मी गेले. तिरडी बांधून झाली होती. बांधणारे हात तेच, काथ्याही त्याच गाठीचा. मुलगा नव्हता म्हणून तिच्या पुतण्याने अग्नीचं मडकं धरलं आणि तो पुढे झाला. चौघांनी खांदा दिला. या वेळी कुणी गात नव्हतं. आम्ही बाया रडत मागून चाललो होतो, वेशीपर्यंत जायचं म्हणून.

उंबराखाली पुतण्या उजवीकडे वळला आणि चौघे डावीकडे. कुणाच्याच लक्षात आलं नाही. आमचेही पाय त्यांच्यामागेच गेले. चढ लागला तेव्हा मागून, खालच्या वाटेवरून, पुतण्याची हाक आली, "अरे, तिकडं कुठं?" तो हातात मडकं घेऊन एकटाच उभा होता. चौघे जागच्या जागी थिजले. पुढच्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि इतकं बरं वाटत होतं, की ते सांगायला आजही मला शब्द नाहीत.

सुनेने डोळे पुसले. म्हणाली, "आता चढलाव तं जाव वर. मंग उतरा."

ते चढले. शाळा भरलेली होती. दारातून गुरुजी दिसत होते, त्यांच्या त्या शिसवी खुर्चीत, दुपारचा डोळा लागलेला. पावलांच्या आवाजाने ते जागे झाले. त्यांनी बाहेर बघितलं, बांबू बघितले, चौघांना बघितलं. ते उठले, आणि दर वर्षी करायचे तशी धोतराच्या सोग्याने खुर्ची पुसून बाजूला उभे राहिले.